हेदरचं इम्प्लांट: आर्टिनियन कुटुंबातला वाद

न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडच्या आर्टिनियन कुटुंबात १९९० च्या दशकाच्या शेवटी दोन मुलांच्या कानांचा प्रश्न एकदमच उभा राहिला. दोघं चुलत भावंडं. थोरली हेदर, पाचेक वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिचे आईवडील पीटर आणि नीटा दोघंही बहिरे, पाठची दोन भावंडंही बहिरी. धाकटा म्हणजे पीटरचा भाऊ ख्रिस याचा मुलगा, जुळ्यांपैकी एक. ख्रिसला आणि त्याची बायको मॅरीला ऐकू येतं, जुळ्यातल्या दुसऱ्या बाळालाही येतं; याला मात्र येत नाही असं निदान झालं. एका घरात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करायचं ठरलं, दुसऱ्यात नाही. त्यावरून सख्खे भाऊ, जावा, आजी-आजोबा आणि दोन्हीकडचे व्याही असे सगळेच एकमेकांसमोर उभे ठाकले.

हे भांडण घरातच जिरलं असतं. पण त्याच काळात जॉश ॲरनसन या दिग्दर्शकाचा कॅमेरा या घरांत होता. २००० साली आलेल्या ‘साउंड अँड फ्युरी’ या माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि दिवाणखान्यातली वादावादी जगभरच्या ऑडिओलॉजिस्टांच्या, शिक्षकांच्या आणि बहिऱ्यांच्या संस्थांच्या चर्चेत गेली. ‘बहिऱ्या आईबापांनी मुलीला ऐकू येऊ दिलं नाही’ अशी या प्रकरणाची एका वाक्यात वासलात लावली जाते. त्यातला निम्मा भाग तर पुढे खोटाच ठरला. उरलेला निम्मा नीट पाहिला तर आपल्याकडच्या घरांनाही त्यातून काही घेता येईल, असं मला वाटतं.

आधी यंत्राबद्दल थोडं, कारण वाद बराचसा त्याच्या मर्यादांवरच चालला होता. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. आवाजाचे संकेत नसेकडे पोचवणाऱ्या आतल्या कानातल्या केसपेशीच काम करत नसतील तर तो मोठा आवाजही वाया जातो. इम्प्लांट या पेशींना वळसा घालतं. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे संकेत बनवतो, चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून ते कातडीखालच्या भागाकडे जातात, आणि शंखासारख्या वळणाच्या कॉक्लिआत सरकवलेली बारीक तार ऐकण्याच्या नसेला थेट विजेची स्पंदनं देते. निरोगी कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या बनावटीच्या तारेवर इलेक्ट्रोड असतात २२. तेवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मेंदूने भाषा उभी करायची असते. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी ‘स्विच ऑन’ होतं, मग मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र त्या मुलाच्या कानाला जुळवून घेण्याच्या फेऱ्या, मग ऐकण्या-बोलण्याची वर्षानुवर्षांची थेरपी. त्या कानात नैसर्गिक ऐकणं थोडंफार उरलं असेल तर तेही जाऊ शकतं. प्रोसेसर उतरवला की मूल पुन्हा बहिरंच.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांवरच्या मुलांसाठी इम्प्लांटला परवानगी दिली ती १९९० मध्ये. वयाची अट १९९८ मध्ये दीड वर्षावर आणि २००० मध्ये एक वर्षावर आली. म्हणजे आर्टिनियन घरात वाद पेटला तेव्हा लहान मुलांत हे यंत्र बसवायला लागून दशकही उलटलं नव्हतं. दीड वर्षाच्या बाळाचं ऑपरेशन करणाऱ्यांना ते मूल वीस वर्षांनी कसं असेल हे सांगता येत नव्हतं. आज आपल्याला हेदर पुढे काय झाली ते ठाऊक आहे आणि त्या उजेडात आपण पीटरला दोष देतो. त्याच्यासमोर तो उजेड नव्हता.

या सगळ्यांत सर्वांत अवघड जागा मला मॅरीची, म्हणजे हेदरच्या काकूची वाटते. तिचे स्वतःचे आईवडील बहिरे. अशा घरातल्या ऐकू येणाऱ्या मुलांना अमेरिकेत ‘कोडा’ म्हणतात. बँकेत, दवाखान्यात, फोनवर आईबापांचे कान आणि तोंड होणं त्यांच्या वाट्याला कळत्या वयापासून येतं. मॅरीला खुणांची भाषा येत होती. बहिरेपणा म्हणजे काय हे तिला कुठल्याही सर्जनपेक्षा जास्त कळत होतं. आपल्या बाळाशी पहिल्या दिवसापासून खुणांनी बोलू शकणारी आई अशा किती मुलांना मिळते? बहिरेपणा तिला परका असता तर तिचा निर्णय भीतीपोटी झाला असं म्हणून सोडून देता आलं असतं. तिने तो पूर्ण ओळखीतून घेतला: बाळाला इम्प्लांट करायचं.

म्हणूनच तो तिच्या आईवडिलांना इतका लागला. परक्या डॉक्टरने बहिरेपणाला रोग म्हटलं तर माणूस खांदे उडवून पुढे जातो. पण पोटची मुलगी, जी आपल्या हातांच्या भाषेत वाढली, तीच म्हणते की माझ्या मुलाला तुमच्यासारखं आयुष्य नको. मॅरी असं म्हणाली नव्हती. त्यांनी ऐकलं मात्र तेच. मुलाच्या उपचाराचा निर्णय आणि आजी-आजोबांच्या आयुष्याची किंमत या दोन गोष्टी त्या घरात एकमेकींत अशा गुंतल्या की एकीवर बोलताना दुसरी दुखावल्याशिवाय राहीना. ख्रिस आणि मॅरी मागे हटले नाहीत. बाळाचं ऑपरेशन झालं, यंत्र सुरू झालं.

पीटर आणि नीटाकडे सुरुवात उलटी होती. तिथे इम्प्लांट मागितलं खुद्द हेदरने. तिला आजूबाजूचे आवाज ऐकायचे होते, ऐकू येणाऱ्या मुलांशी बोलायचं होतं. पाच वर्षांच्या मुलीच्या मागणीला किती वजन द्यायचं यावर दुमत होऊ शकतं; पाच वर्षांची मुलं घोडाही मागतात. पण ही मागणी करण्याइतकी भाषा तिच्याकडे होती, आणि या तपशिलाकडे मी पुढे परत येणार आहे. आईवडिलांनीही ती उडवून लावली नाही. त्यांनी चौकशी सुरू केली. नीटाने तर स्वतःलाच इम्प्लांट करून घेता येईल का हे विचारलं. उत्तर निराश करणारं होतं: जन्मापासून बहिऱ्या प्रौढ माणसाच्या मेंदूने आवाजातून भाषा उलगडायला कधी शिकलेलंच नसतं, आवाज येतील, पण बोलणं समजेल अशी फारशी आशा नाही. या उत्तरानंतर नीटाचं मन मागे फिरलं, स्वतःबद्दल आणि हेदरबद्दलही. वरवर पाहता हे तर्काला धरून नाही. प्रौढाला फायदा कमी, याचा अर्थ मूल लहान असतानाच करा असा निघायला हवा होता. पण जी वाट आपल्यासाठी बंद आहे असं नुकतंच कळलं, त्या वाटेने पाच वर्षांची लेक एकटी पुढे जाणार आणि आपण मागे राहणार, हा विचार पचवायला कोणत्याही आईला वेळ लागेल.

इम्प्लांट झालेल्या मुलांच्या घरीही ही दोघं जाऊन आली. ऐकू येणाऱ्या आईबापांची एक मुलगी छान बोलत होती, पण तिला खुणा येत नव्हत्या. समोर बसलेल्या बहिऱ्या पाहुण्यांशी बोलायला तिच्याकडे भाषाच नव्हती. हितचिंतकांना वाटलं होतं की अशी मुलगी पाहून पीटरचं मत बदलेल. त्याला मात्र जी भीती होती तीच डोळ्यांसमोर दिसली.

पीटरचं म्हणणं असं: मी अपंग नाही. मला नोकरी आहे, संसार आहे, मित्र आहेत, पूर्ण वाढलेली भाषा आहे. माझ्या मुलीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. इम्प्लांट केलं तर ती धड ऐकू येणाऱ्यांत बसणार नाही आणि बहिऱ्यांतही राहणार नाही. त्याच्या समोर त्याची आई, हेदरची आजी. तिला ऐकू येतं. तिने पीटरला वाढवलं ते इम्प्लांट नसलेल्या काळात. आता उपाय हाताशी असताना मुलगा तो नातीला नाकारतो, हे तिच्या पचनी पडेना. आजीला खुणा येत होत्या, म्हणून भांडण तोंडाने आणि हातांनी असं दोन्ही बाजूंनी होत होतं. आवाज चढतो तसे हातही चढतात.

पीटरच्या हट्टामागे एकट्या माणसाचा अहंकार पाहणं सोपं आहे, पण त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा होता. १८८० साली इटलीत मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत बहिरा माणूस एकच. शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करावी आणि फक्त बोलणं शिकवावं, असा ठराव झाला. पुढे कित्येक पिढ्या मुलांनी वर्गात हात हलवले म्हणून मार खाल्ला, आणि ओठ वाचण्याच्या कसरतीत शिकायचं राहून गेलं. या परिषदेच्या परंपरेतल्या संस्थेने खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, व्हँकूव्हरला. मध्यंतरी १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन खुणांची भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे असं दाखवून दिलं, आणि १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आंदोलन करून पहिला बहिरा अध्यक्ष मिळवला. त्यानंतर दोनच वर्षांत मुलांच्या इम्प्लांटला परवानगी आली. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये तिचा कडक शब्दांत निषेध केला. २००० साली मात्र त्याच संघटनेने भूमिका मवाळ केली: निर्णय आईबापांचा, पण त्यांना पूर्ण माहिती द्या आणि मुलाला खुणांपासून तोडू नका. पीटरचा हट्ट चालू असताना त्याच्या पाठीमागची संघटनाही आपली जागा बदलत होती, हे माहितीपट पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

पीटर-नीटाने नकार दिला आणि बिऱ्हाड हलवलं. मेरिलँडमधल्या फ्रेडरिक गावी बहिऱ्यांची शाळा १८६८ पासून आहे, आणि तिच्याभोवती खुणा जाणणाऱ्यांची मोठी वस्ती जमली आहे. शिक्षक बहिरे, शेजारी बहिरे, दुकानदारालाही चार खुणा येतात. हेदरला तिथे इम्प्लांटविना पूर्ण आयुष्य मिळेल, हा हिशेब. मला तो मुळीच वेडगळ वाटत नाही. बहिऱ्या मुलाला इम्प्लांट नाकारून ज्या गावात एकालाही खुणा येत नाहीत तिथेच ठेवणं, आणि इम्प्लांट नाकारून खुणांच्या गावात नेणं, या दोन गोष्टींना ‘नकार’ असं एकच नाव देणं बरोबर नाही.

माहितीपट साधारण इथे संपतो, आणि बहुतेकांची या प्रकरणाची माहितीही. पुढे झालं ते असं. कुटुंब लाँग आयलंडला परतलं. हेदरची मागणी विझली नव्हती. २००२ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, तिला इम्प्लांट झालं. नीटानेही करून घेतलं, हेदरच्या भावंडांनाही झालं. पीटरने स्वतः केलं नाही, पण मुलांच्या आड तो आला नाही. सहा वर्षांनंतरच्या पाठपुराव्याच्या छोट्या चित्रपटात हेदर ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकताना, बोलताना आणि घरी खुणा करताना दिसते. तिने पुढे जॉर्जटाउन विद्यापीठातून पदवी घेतली, हार्वर्डमधून कायदा केला. २०१३ साली जॉर्जटाउनच्याच एका व्यासपीठावर ती जे बोलली त्याचा आशय असा की मी ऐकणाऱ्यांचं जग निवडलं नाही की बहिऱ्यांचं, मी दोन्हींतून स्वतःचं बनवलं.

ही गोष्ट इथे सोडली तर दोन घातक अर्थ निघतात. एक, बघा, पीटर चुकला, आजी बरोबर होती. दुसरा, बघा, नऊ वर्षं थांबूनही सगळं छान झालं, मग घाई कशाला? पहिला अर्धवट आहे. दुसरा सरळ धोकादायक आहे.

हेदरचं ऑपरेशन झालं त्याच २००२ मध्ये दोन संशोधनं प्रसिद्ध झाली. ती शेजारी ठेवली की या प्रकरणाचा गाभा हाती लागतो. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूतल्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद मोजला. साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसलेल्या मुलांत तो वयानुरूप होत होता. सातनंतर बसलेल्या बहुतेकांत होत नव्हता. मेंदूचा तो भाग आवाजाची वाट पाहत अनंत काळ मोकळा राहत नाही. या मोजमापाने हेदरची वेळ टळून गेलेली होती. दुसरं संशोधन रेचेल मेबेरी आणि सहकाऱ्यांचं, ‘नेचर’मधलं. लहानपणी कोणतीतरी एक भाषा पूर्ण मिळालेली माणसं, मग ती बोललेली असो वा खुणांची, नंतर दुसरी भाषा चांगली शिकत होती. लहानपणी कुठलीच भाषा न मिळालेली बहिरी माणसं मात्र मागे राहत होती. या मोजमापाने हेदर श्रीमंत होती. बहिऱ्या आईबापांच्या पोटी जन्मल्यामुळे पहिल्या दिवसापासून तिला घरात गप्पा, रागावणं, गोष्टी, विनोद सगळं मिळालं होतं. नवव्या वर्षी तिला आवाज नवा होता. वाक्य म्हणजे काय, प्रश्न कसा असतो, कालची गोष्ट आज कशी सांगायची, हे तिला नव्याने शिकायचं नव्हतं.

म्हणून या प्रकरणाचं माझं वाचन असं आहे. पीटर-नीटाच्या नकाराची किंमत हेदरने दिली, ऐकण्याची चार मोलाची वर्षं गेली. पण ती तिला परवडली, कारण ज्यांनी नकार दिला त्यांनीच तिला भाषा दिली होती. एका मुलीवरून सिद्धांत उभा राहत नाही, आणि जन्मतः बहिऱ्या मुलांत उशिरा इम्प्लांट झालेल्या बहुतेकांना हेदरइतकं यश येत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. तिचं उदाहरण थांबण्याच्या बाजूने वापरू नये.

खुणा शिकवल्या तर मूल बोलायला आळस करेल का, हा प्रश्न मॅरीच्या घरापासून साताऱ्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. २०१७ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात ॲन गीअर्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की इम्प्लांटनंतर खुणा न वापरणाऱ्या घरांतली मुलं बोलण्यात पुढे होती. लगेच आक्षेप आले: ज्या मुलांचं बोलणं आधीच अडखळत होतं त्यांच्याच आईबापांनी खुणांकडे धाव घेतली नसेल कशावरून? दुसरीकडे बहिऱ्या आईबापांच्या, जन्मापासून खुणा करणाऱ्या आणि लवकर इम्प्लांट झालेल्या मुलांवरचे अभ्यास आहेत. २०१४ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात अशी मुलं इंग्रजीत ऐकू येणाऱ्या कोडा मुलांच्या बरोबरीने होती. अभ्यास लहान आहे, मुलं मोजकी आहेत. तरी एवढं म्हणता येतं की चांगल्या येणाऱ्या खुणांनी वाचा खुंटते असं मानायला आधार नाही. आईबापांना खुणा धड येतच नसतील तर मात्र मुलाला त्यातूनही भाषा मिळत नाही, आणि ही अडचण खरी आहे.

आईबापांचंच जमलं नाही, किंवा आईबाप एकीकडे आणि बाकीचे सगळे दुसरीकडे असले, तर निर्णय कुणाचा? आर्टिनियन घरात कुणी कोर्टात गेलं नाही. त्याच २००२ साली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सला मात्र हा प्रश्न कोर्टापुढे आला. एका बहिऱ्या आईची तीन आणि चार वर्षांची दोन बहिरी मुलं सरकारी देखभालीत होती. मुलांच्या वतीने नेमलेल्या वकिलाने इम्प्लांटचा आदेश मागितला, आईचा विरोध होता. न्यायाधीश कॅथलीन फीनी यांनी निकाल दिला: इम्प्लांट मुलांच्या हिताचं आहे असं मला वाटतं, पण आईचा मुलांवरचा हक्क शाबूत असताना आणि जिवावर बेतलेलं नसताना तिच्या इच्छेविरुद्ध ते करायला लावण्याचा अधिकार कायद्याने मला दिलेला नाही. मला हा निकाल योग्य वाटतो, मुलांच्या दृष्टीने तो महागात पडला असण्याची शक्यता धरूनही. ऑपरेशन एका दिवसाचं असतं. त्यानंतरची दहा वर्षं आईनेच रोज सकाळी यंत्र लावायचं असतं, थेरपीला न्यायचं असतं. तिला न पटलेलं इम्प्लांट ड्रॉवरमध्ये जाऊन पडण्याची भीती असते.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात पीटरसारखा बाप विरळाच भेटेल. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे आपल्याकडच्या घरातल्या वादात बहिरा माणूस बहुधा नसतोच. वाद वेगळा असतो. आजी म्हणते, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला. आजोबांना डोक्याजवळच्या ऑपरेशनची धास्ती. काका खर्चाचा हिशेब मांडतात, आणि मूल मुलगी असेल तर तो हिशेब आणखी कडक होतो. आई नोकरी सोडून थेरपीच्या गावी राहायला तयार असते, आणि ‘हे तुझ्या माहेरून आलंय’ हेही तिलाच ऐकावं लागतं. या शेवटच्या आरोपाला उत्तर आहे. जन्मजात बहिरेपणाचं एक मोठं आनुवंशिक कारण म्हणजे कनेक्झिन २६ या प्रथिनाच्या जनुकातला दोष. तो बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत आली तरच मुलात दिसतो. दोघांनाही व्यवस्थित ऐकू येत असतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरं असण्याची शक्यता चारात एक. मामेभाऊ-आतेबहिणीच्या लग्नांत दोन्हीकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो. माहेर-सासर अशी वाटणी त्या जनुकाला माहीत नाही.

पैशाची बाजूही काही वर्षांपूर्वी होती तेवढी बंद राहिलेली नाही. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश आहे. सुरुवातीला एका मुलामागे सहा लाख रुपयांची मर्यादा होती आणि जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची मुख्य संस्था आहे. मात्र योजनेने ऑपरेशनचा प्रश्न सुटतो, पुढच्या वर्षांचा सुटत नाही. वॉरंटी संपल्यावर तुटलेली कॉइल, केबल, बॅटऱ्या, काही वर्षांनी जुना होणारा प्रोसेसर, आणि थेरपिस्ट नसलेल्या तालुक्यातून दर आठवड्याची एसटी. काका हिशेब मांडतात तो याच खर्चाचा असेल तर त्यांना गप्प करू नये, कागद-पेन्सिल द्यावी.

पण आर्टिनियन प्रकरणाशी खरी गाठ पडते ती वेळेच्या बाबतीत. लाँग आयलंडवर मोठी माणसं चार वर्षं भांडली, तेव्हा हेदर खुणांत वाढत होती. आपल्याकडे आजी-आजोबांची समजूत निघेपर्यंत, नवस फिटेपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या डॉक्टरांचं मत येईपर्यंत दोन वर्षं सहज जातात, आणि त्या दोन वर्षांत मूल ना आवाजात असतं ना खुणांत. त्याच्याकडे असतात घरच्यांनी जोडलेल्या पाणी, भूक, शू, नाही अशा दहा-पंधरा घरगुती खुणा. तिसऱ्या वर्षी इम्प्लांट झालं तरी ते मूल शून्यापासून सुरू करतं. घरच्यांना वाटतं आपण अजून काही ठरवलेलं नाही. मुलाच्या मेंदूच्या हिशेबात तो नकारच मांडला गेलेला असतो, आणि पीटरने फ्रेडरिकमध्ये दिली तशी कोणतीही भरपाई त्यासोबत नसते.

आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की बाळाच्या पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात. वाद चालू असला तरी यातलं पुष्कळसं थांबवायची गरज नसते. श्रवणयंत्र लावून पाहता येतं, इम्प्लांटपूर्वी ते लावायला लागतंच. बेरा (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) आणि एमआरआय करून घेता येतात. त्याने कुणी ऑपरेशनला बांधला जात नाही, उलट ऐकण्याची नस आहे की नाही हेच कळतं, आणि ती नसेल तर इम्प्लांटचा वाद आपोआप मिटतो. खुणा शिकायला कुणाची सही लागत नाही. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय खुणांच्या भाषेची सरकारी संशोधन संस्था निघाली, तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले, आणि त्यांचे व्हिडिओ फुकट पाहता येतात. आजी इम्प्लांटच्या विरोधात असेल तर तिलाच पहिल्या वीस खुणा शिकायला बसवावं. निदान विरोध करताना ती नातवाशी बोलत तरी राहील. आणि जिल्ह्याच्या गावी एखादा बहिरा शिक्षक, शिंपी, संगणक ऑपरेटर असेल तर त्याला घरी चहाला बोलवावं. इम्प्लांट करा म्हणणाऱ्यांनीही आणि नको म्हणणाऱ्यांनीही मोठं झालेलं बहिरं माणूस बहुधा कधी जवळून पाहिलेलं नसतं. आर्टिनियन घरात निदान तेवढं अज्ञान कुणाचंच नव्हतं.